इनोव्हा द्यायची वेळ आली आहे, पण तिच्या जागी काय?

कोथरूडकर_६१

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०१२ सालची डिझेल इनोव्हा आहे. घेतली तेव्हा घरात सहा माणसं होती. आई, बाबा, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गणपतीला दापोलीजवळच्या गावी निघालो की आत्या बरोबर असायचीच, म्हणजे सातवी जागाही भरलेली. मे महिन्यात आम्ही दोघंच जायचो. तिसरी रांग उचलून दोन्ही बाजूंना अडकवायची आणि मागे आंब्याच्या पेट्या, दोन फणस, कोकमाचा डबा, घरच्या तांदळाचं पोतं. आईच्या शेवटच्या दीड वर्षात तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे. मधली सीट अशा उंचीवर आहे की तिला चाकाच्या खुर्चीतून सरळ सरकवून बसवता येई. त्या गाडीचे आमच्यावर खरंच उपकार आहेत.

आता आई-बाबा नाहीत. मुलगी हैदराबादला, मुलगा बंगळुरूला. मी गेल्या ३१ मेला निवृत्त झालो. खर्च आणि प्रवास डायरीत टिपायची सवय असल्याने परवा वर्षभराचा हिशेब काढला. गाडी बारा महिन्यांत ४,१०० किलोमीटर चालली. सातही जागा भरल्या त्या फक्त तीनदा. बाकी बहुतेक फेऱ्या म्हणजे मंडई, बँक, डेक्कन आणि बहिणीकडे सिंहगड रोडला, गाडीत एक किंवा दोन माणसं.

सोसायटीत आमची जागा दोन खांबांच्या मधे आहे. पूर्वी एका दमात गाडी लागायची, आता तीन वेळा मागे-पुढे करावी लागते. क्लचने डावा गुडघा धरतो. हिचे दोन्ही गुडघे दुखतात, इनोव्हात चढताना ती वरची मूठ धरून अंग वर ओढून घेते. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे हल्लीचे पांढरे दिवे फार डोळ्यांवर येतात, म्हणून संध्याकाळी सातनंतर बाहेर काढणं मी टाळतो. आणि २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, म्हणजे पुन्हा पासिंग आलं.

चार मीटरच्या आतली एसयूव्ही घ्यावी असं मनात आहे. पण इतक्या वर्षांच्या मोठ्या गाडीनंतर ती पुरेल का? ऑटोमॅटिक घ्यावी का? पेट्रोल की डिझेल? एका शोरूमला गेलो तर ‘काका, नातवंडं येतील, सात सीटरच घ्या’ म्हणून मागे लागले. ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी अनुभव लिहावेत.

एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो. गाडी विकायची म्हटलं की पोटात कालवतं. मुलं घरी येईनाशी झाली हे आपणच कबूल केल्यासारखं वाटतं.

घाटवाटा

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. आमच्याकडेही हेच झालं होतं.

मापांचं आधी सांगतो, कारण बहुतेकांची इथेच फसगत होते. तुमची इनोव्हा ४,५८५ मिलिमीटर लांब आहे आणि या छोट्या एसयूव्ही ३,९९० ते ३,९९५. म्हणजे जवळजवळ दोन फूट वाचले. पण रुंदी बघा. इनोव्हा १,७६५, नेक्सॉन १,८०४, ब्रेझा १,७९०, एक्सयूव्ही ३एक्सओ १,८२१. ‘छोटी’ गाडी तुमच्या जुन्या गाडीपेक्षा रुंद आहे! खांबांच्या मधे गाडी शिरेल, लांबीमुळे वळवायला सोपी जाईल, पण दार उघडायला जागा वाढणार नाही. गुडघे दुखत असतील तर दार पूर्ण उघडणं महत्त्वाचं असतं. दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजून घ्या आणि मगच शोरूमची पायरी चढा. जमलं तर टेस्ट ड्राइव्हची गाडी तुमच्याच पार्किंगमध्ये लावून बघा. मी तसा हट्ट धरला होता, त्यांनी आणली.

गॅरेजवाला_सांगली

डिझेल नको. कारण सांगतो.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ चांगलं तापलेलं लागतं, म्हणजे हायवेवर एकसारखी चाल हवी. मंडई ते घर, घर ते बँक अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जळत नाही. मग दिवा लागतो, गाडीची ताकद जाते आणि खर्च निघतो. माझ्याकडे अशा गाड्या येतात, मालक बहुतेक निवृत्त माणसंच. तुमच्या २०१२ च्या गाडीला हा प्रकार नव्हता, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. वर्षाला चार हजार किलोमीटरला पेट्रोलच बरं.

ऑटोमॅटिक जरूर घ्या, पण कुठलं ते विचारून घ्या. एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. स्वस्त पडतं, ॲव्हरेज चांगलं देतं, पण गिअर बदलताना मान हलते आणि घाटात गर्दी असली की चालवणाऱ्याला सांभाळून घ्यावं लागतं. दोन क्लचवाला डीसीटी पळायला छान, पण मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचे क्लच तापतात. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर. त्यात ताकद तेलातून पुढे जाते, म्हणून सुरुवात मऊ होते. ॲव्हरेज थोडं कमी. वयस्कर माणसांना मी हाच सांगतो. ब्रेझा, ३एक्सओ, स्कोडाची कायलॅक यांच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे.

आणि स्टेपनी बघा. इनोव्हाची पोटाखाली टांगलेली असते, या गाड्यांत डिकीच्या तळाशी असते. पंक्चर झालं तर आधी सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं.

तिसरी_रांग

माझं मत वेगळं आहे. विकू नका. इनोव्हाचं इंजिन नीट ठेवलं तर अजून कितीतरी वर्षं चालेल. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, पर्यावरण कर भरावा लागतो एवढंच. दिवाळीत मुलगी-जावई, मुलगा-सून आले की सगळ्यांनी एका गाडीत बसून जाण्यात जी मजा आहे ती दोन गाड्यांत नाही. आमच्या घरातल्या निम्म्या गप्पा मागच्या रांगेतून पुढे ओरडून झाल्या आहेत. नवीन गाडीचे दहा-बारा लाख बँकेत ठेवा.

कोथरूडकर_६१

@घाटवाटा, आजच मोजलं. खांबांमधलं अंतर २,४८० मिलिमीटर. म्हणजे १,८०० ची गाडी बरोबर मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना ३४० उरतात, जेमतेम एक फूट. चालवणाऱ्याच्या बाजूला जास्त जागा सोडून दुसरी बाजू खांबाला चिकटवावी लागेल आणि हिला आधीच बाहेर उतरवावं लागेल. आता तेच करतो.

@तिसरी_रांग, तुमचं म्हणणं मनाला फार पटतं. पण त्या तीन वेळांसाठी ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने घेतली तर वर्षाला किती होतील ते डायरीत मांडून पाहिलं. इनोव्हाच्या नुसत्या विम्यापेक्षा आणि सर्व्हिसिंगपेक्षा कमी होतात. शिवाय मला तेव्हा मागे बसून नातीशी बोलता येईल. आजवर मागच्या रांगेतल्या गप्पा मी फक्त ऐकल्या, त्यात कधी भाग घेता आला नाही.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये आहे, वय ६६. इथे मोठी गाडी म्हणजे एस्टेट, म्हणजे लांब डिकीची स्टेशन वॅगन. भारतात ती कधी रुजलीच नाही. टाटा एस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, एकेक येऊन गेल्या. तुमच्याकडे ती जागा इनोव्हाने घेतली असं मला वाटतं.

आमची ऑक्टाव्हिया एस्टेट होती, डिकी ६१० लिटरची. निवृत्तीनंतर कॅरॉक ही एसयूव्ही घेतली, तिची ५२१. आकड्यांत फार फरक दिसत नाही, आणि खरंच जागेची अडचण कधी आली नाही. अडचण आली ती उंचीची. एस्टेटची डिकी जमिनीपासून खाली असते, पिशवी सहज आत सरकते. एसयूव्हीत तीच पिशवी कमरेपर्यंत उचलून कडेवरून आत ठेवावी लागते. आमचा तेरा वर्षांचा लॅब्राडोर जुन्या गाडीत स्वतः उडी मारायचा, नव्या गाडीसाठी त्याला उतरती फळी घ्यावी लागली. माणसाच्या बाबतीत उलट झालं. सीट उंच असल्याने बसताना खाली वाकावं लागत नाही आणि उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. बायको आजही म्हणते की तेवढ्यासाठी हा बदल सार्थकी लागला.

तेव्हा सीट आणि डिकी वेगवेगळी तपासा. टेस्ट ड्राइव्हला जाताना दहा किलो तांदळाची पिशवी बरोबर न्या, ती स्वतः डिकीत ठेवा आणि काढा.

नाशिकची_मावशी

सगळा धागा वाचला. गिअरबॉक्स झाला, डिकी झाली, कुत्राही झाला. वहिनी गाडी चालवतात का, हे कुणीच विचारलं नाही.

भाऊ, मी ६३ वर्षांची आहे. आमच्याकडे मोठी गाडी होती, ती फक्त हे चालवायचे. चार वर्षांपूर्वी रात्री अडीच वाजता ह्यांच्या छातीत कळ आली. गाडी खाली उभी, किल्ली हातात, परवाना पाकिटात, आणि मी त्या गाडीला कधी हात लावलेला नाही. शेजारच्या मुलाला उठवलं. सगळं वेळेत झालं, हे बरे आहेत. पण ती पंधरा मिनिटं मी विसरले नाही. त्या वर्षी आम्ही गाडी बदलली, आणि ती मी निवडली. ह्यांना तिचा बोनेट आवडत नाही. मला मात्र तो बसल्या जागेवरून दिसतो.

दोघंच घरात राहणार असाल तर गाडी दोघांची हवी. वहिनींना विचारा.

आणखी एक. रात्री दिवे डोळ्यांवर येतात म्हणता, त्याचा दोष सगळा दिव्यांना देऊ नका. डोळे तपासून घ्या. या वयात मोतीबिंदूची सुरुवात अनेकदा अशीच कळते.

घाटवाटा

मावशींना +१. मला हे सुचायला हवं होतं.

कोथरूडकर_६१

मावशी, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायला जमलं नाही.

हिने १९९४ मध्ये परवाना काढला. मारुती ८०० ती माझ्याहून जास्त चालवायची. मुलांना शाळेत सोडायची, बाबांना घेऊन यायची. २०१२ मध्ये इनोव्हा आली तेव्हा तिने दोनदा चालवून पाहिली. दुसऱ्या वेळी सोसायटीच्या दारात मागून हॉर्न वाजायला लागले, ती घाबरली आणि मी म्हणालो, ‘राहू दे, मी आहे ना.’ त्यानंतर तिने किल्ली घेतली नाही. मी चांगल्या मनानेच म्हणालो होतो. पण त्या एका वाक्याने तिची गाडी गेली, हे मला इतक्या वर्षांत एकदाही जाणवलं नाही.

आज सकाळी चहाला तिला विचारलं. ती म्हणाली, ‘गिअर नसतील तर चालवीन. पण पुढचं टोक दिसलं पाहिजे.’ मग उठून कपाटातून परवाना घेऊन आली. मुदत सात महिन्यांपूर्वी संपली आहे.

कागदपत्रं_नीट_ठेवा

लगेच अर्ज करा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. तुमच्याकडे पाच महिने आहेत. नमुना १-अ वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल, ते चाळिशीनंतर सगळ्यांनाच लागतं. पंचावन्नच्या पुढे प्रत्येक वेळी पाच वर्षांची मुदत मिळते. तुमचा स्वतःचा परवानाही काढून बघा.

गाडी विकताना तीन गोष्टी पक्क्या करा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतं. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटच्या हाती सोडून देऊ नका. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं स्वतः डोळ्यांनी बघेपर्यंत पाठपुरावा करा, कारण तोवर अपघात झाला तर नाव तुमचंच येतं. फास्टॅग बंद करा. नव्या गाडीला नवा घ्या आणि साताऱ्याकडे वरचेवर जाणं असेल तर वार्षिक पास बघा, वर्षभर किंवा २०० फेऱ्या. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही.

कराचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर ४०. लांबी आणि इंजिन दोन्ही मापात बसायला हवं. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. नेक्सॉन, ३एक्सओ, कायलॅक यांची पेट्रोल इंजिनं १८ मध्ये.

गॅरेजवाला_सांगली

वहिनींना सांगा, ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला काम नाही. तो पाय डाव्या कोपऱ्यात टेकवून ठेवायचा आणि पहिले आठ दिवस तिथून हलवायचा नाही. जुन्या सवयीने क्लच समजून ब्रेक दाबला की गाडी जागीच थांबते आणि मागचा येऊन आदळतो. रिकाम्या मैदानावर दोन सकाळी घालवा. फक्त मागे घेणं आणि थांबवणं, दुसरं काही नको.

कोथरूडकर_६१

तीन आठवड्यांत चार गाड्या पाहिल्या. लीड्सकरांची तांदळाची पिशवी प्रत्येक शोरूममध्ये नेली. दोन ठिकाणी विक्रेत्या मुलांनी धावत येऊन उचलायला हात पुढे केला, त्यांना समजावून सांगावं लागलं की आम्हालाच उचलायची आहे. प्रत्येक गाडीत आधी ती चालकाच्या सीटवर बसली, नंतर मी. एका गाडीत मला सगळं आवडलं होतं, पण मागची काच इतकी बारीक की मागे काय आहे ते तिला दिसेना. ती यादीतून काढली.

शेवटी स्कोडा कायलॅक ऑटोमॅटिक नक्की केली. पुण्याजवळच चाकणला बनते याचा मला उगाच आनंद झाला. ३,९९५ लांब, १,७८३ रुंद, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डिकी ४४६ लिटर, भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे. मागच्या सीटवर दोघं ऐसपैस बसतात, तिसरा अवघडतो. आमची माणसं दोनच. ज्यांच्याकडे रोज तिघं मागे बसणार असतील त्यांनी रुंद गाडी पाहावी.

आमच्या पार्किंगमध्ये तीच लावून पाहिली. म्हणजे हिने लावली. दोन दमात.

इनोव्हा भोरच्या एका कुटुंबाने घेतली. घरात आठ माणसं, त्यात चालता न येणारी आजी. तिला मधल्या सीटवर बसवून पाहिलं तेव्हा मी बाजूला उभा होतो. खुर्ची दारापासून किती अंतरावर लावायची ते त्यांना दाखवलं. गाडी निघाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण त्या आजीकडे पाहून बरं वाटलं. आरसी त्यांच्या नावावर झालेली काल पाहिली.

तिसरी_रांग

आठ माणसांच्या घरात गेली हे वाचून मी माझा विरोध मागे घेतो. नव्या गाडीला शुभेच्छा. दिवाळीत मोठी गाडी भाड्याने घ्याल तेव्हा मागच्या रांगेत बसा आणि कसं वाटलं ते इथे लिहा.

कोथरूडकर_६१

मी कोथरूडकर नाही, ह्यांची बायको लिहितेय. खातं ह्यांचंच आहे. हे सध्या स्क्रीनकडे बघू शकत नाहीत.

नाशिकच्या ताईंचं म्हणणं ऐकून ह्यांनी डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. मंगळवारी उजव्याचं ऑपरेशन झालं. दोष दिव्यांचा नव्हताच, ताई, तुमचं बरोबर होतं. डॉक्टरांनी तूर्त गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. सकाळी साडेसहाला ह्यांना मी घेऊन गेले, दुपारी मीच घेऊन आले. कर्वे रोडवर एका रिक्षाने आडवं घेतलं तेव्हा ह्यांचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला. मी म्हटलं, ‘राहू दे, मी आहे ना.’ दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

त्याआधीच्या रविवारी वाईला बहिणीकडे गेलो होतो. जाताना खंबाटकीचा घाट मी चढवला. समोर उसाचा ट्रक होता, गाडी दोनदा पूर्ण थांबली, पण मागे गेली नाही. सांगलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे डावा पाय कोपऱ्यात ठेवला होता. येताना वाईहून दहा किलो गूळ आणि हळद आणली. डिकीत मीच ठेवली, मीच काढली.

परवान्याचं काम झालं, पाच वर्षांसाठी. मे महिन्यात दापोलीला जायचंय. ताम्हिणीतून माणगाव, मंडणगड असं जायचा विचार आहे. मागची सीट आडवी केली तर आंब्याच्या पेट्या किती बसतात ते कुणाला माहीत असेल तर सांगा. नाहीतर मी मोजून इथे लिहीन.